पाठीवर बिऱ्हाड, पण पाटी कोठे?

(सिंदखेडराजा तालुक्यातील एका गावी, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी भरलेल्या सभेत केलेले भाषण.)



दसरा झाला. मुकादमाची उचल घरात आली आणि बहुतेक खर्चूनही गेली. आठ-पंधरा दिवसांत गाड्या दाराशी लागतील. भांडीकुंडी, कोयते, शेळी वर चढतील आणि त्या सामानावर आपली पोरेही बसतील. सामानाचा हिशेब आपण करितो. पोरांच्या शाळेचा कोण करितो?

कारखाना दिवाळीच्या सुमारास पेटतो आणि होळी-पाडव्याकडे विझतो. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडते व एप्रिलात परीक्षा होते. म्हणजे शिकण्याचे भरीचे महिने नेमके फडात जातात. पोर परत येते तेव्हा वर्ग भागाकारावर पोहोचलेला असतो आणि ते जोडाक्षरावर अडलेले असते. असे दोन-तीन हंगाम गेले की ते शाळेचे नावच टाकते. मग लोक म्हणतात, याला डोके नाही. आम्ही म्हणतो, डोके आहे, पण वर्गात बसण्यास सवड मिळाली नाही.

दोष केवळ दुसऱ्याचा नाही. आम्ही स्वतः आमच्या थोरलीला चौथीतून उचलून फडावर नेले. कोपीत धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे तिच्याकडे आले. तिच्या जिवावर आमचा कोयता चालला. जवळच्या एका शाळेत तिला घेऊन गेलो, तर दाखला नाही म्हणून परत लाविले. आम्हीही मुकाट्याने परत आलो. आज ती पोर स्वतः कोयता धरते. हे शल्य आमच्या मनातून जात नाही.

त्या दिवशी कायदा ठाऊक असता तर आम्ही दारातून हललो नसतो. 2009 साली झालेला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा नीट ऐका. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडविता येत नाही. मागे पडलेल्या पोरास वयाच्या वर्गात बसवून त्याची उणीव भरून काढणे हे शाळेचे काम आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य त्यात लिहिलेले आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. आईबाप बाहेरगावी गेले तरी मुलांनी गावातच राहून जेवावे व शिकावे, अशी ही सरकारी योजना आहे. तिची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने वेळेवर केली पाहिजे. त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. म्हणजे ती आपलीच आहे. मग तिच्या सभेला आपण का जात नाही?

1877 च्या दुष्काळात ज्योतिराव व सावित्रीबाई यांनी धनकवडीस अन्नावाचून उघड्या पडलेल्या पोरांसाठी बालाश्रम चालविला. 1882 साली हंटर कमिशनपुढे ज्योतिरावांनी निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. तो कायदा होण्यास सव्वाशे वर्षे लागली. आता तो कागदावर सडू देणार काय?

म्हणून गाड्या येण्यापूर्वी तीन गोष्टी करा. ज्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत, त्यांनी पोरे मागे ठेवावी आणि शेजाऱ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवावी. समितीने उद्याच बसून जाणाऱ्या मुलांची यादी करावी व वसतिगृह मागावे. ज्यांना पोर नेणे भागच आहे, विशेषतः वयात येणारी मुलगी मागे ठेवण्याची ज्यांना भीती वाटते, त्यांनी तिचा दाखला व पुस्तके गाठोड्यात बांधून न्यावी, आणि फडावर पोहोचताच पहिल्या सुट्टीच्या दिवसाची वाट न पाहता शाळेचे दार गाठावे. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या.

जिजाऊंचे माहेर असलेल्या या मुलखातून लेकी निरक्षर निघू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.