पाण्यावर फिरणारी चक्की



मी तहसील कचेरीतला एक कारकून. विद्वत्तेचा दावा नाही. परंतु जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की मला छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की आठवते. तिच्याविषयी चार शब्द सांगण्याची परवानगी असावी.

आपल्या मालेगावावरून मेहकर, सिंदखेडराजा, जालना करीत गेले की ते शहर लागते. तेथे खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे. त्याच आवारात ही चक्की आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बांधकाम होत गेले आणि १७४४ च्या सुमारास चक्की पुरी झाली, असे सांगतात. यात्रेकरू, फकीर आणि शिपाई यांच्यासाठी येथे धान्य दळले जाई. आपल्याकडे महाप्रसादाला पीठ लागते, तसेच हे.

रचना आपल्या घरच्या जात्याचीच. खालची तळी स्थिर, वरची फिरती. मात्र खुंटा धरून फिरवणाऱ्या मायबहिणींच्या जागी येथे पाणी आहे. उंच भिंतीवरून आलेले पाणी जोराने खाली लोखंडी पात्यांवर पडते, पाती फिरतात, पात्यांचा उभा दांडा वरच्या तळीला फिरवतो. बैल नको, तेल नको, वीज नको. भिंतीवरून पडणारे पाणी पुढे मोठ्या हौदात जाते. आणि गंमत अशी की या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत! डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. आजचे कंत्राटदार स्लॅब गळू नये म्हणून डांबर ओततात. त्यांनी हे एकदा जरूर पाहावे.

पाहुणे हे सर्व पाहतात, फोटो काढतात. पण खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. हे पाणी कित्येक किलोमीटरवरून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालच्या नहरीतून खापरी नळांनी आणलेले आहे. पंप नाही, केवळ उताराचा हिशेब. या शहराला ही विद्या नवी नव्हती. मलिक अंबराने खडकी वसवली तेव्हा, म्हणजे १६१० नंतरच्या काळात, नहर-ए-अंबरी खोदली गेली होती. खडकी हेच त्या शहराचे जुने नाव. अशा नहरीत गाळ साचला, झाडाचे मूळ शिरले, वर कोणी पाया खोदला, की नळ फुटतो आणि पाणी तुटते. भिंत जागेवर, तळी जागेवर, पाती जागेवर, पण चक्की मुकी! कचेरीत नकाशे हाताळताना असे मला नेहमी दिसते की इमारतीची नोंद सर्वजण ठेवतात, पाण्याच्या वाटेची फार थोडे.

आता आपल्या देवळाकडे येतो. कळस नवा झाला, सभामंडप झाला, देणगीदारांच्या नावांची पाटी लागली, सर्वांचे आभार. पण गाभाऱ्यामागची जुनी दगडी पन्हळ आपण पाहिली असेल. अभिषेकाचे आणि पावसाचे पाणी तीच आडाकडे नेते. फरशीखाली ती बुजवावी, अशी सूचना आली होती. काही वडीलधाऱ्या मंडळींनी हट्ट धरला म्हणून ती उघडी राहिली. त्यांचा हट्ट रास्तच होता. पन्हळ बुजली असती तर पाणी देवळाच्या पायात मुरले असते आणि आड कोरडा पडला असता.

उघडी राहिली खरी, परंतु तिच्यात पालापाचोळा आताच भरला आहे. समितीकडे रंगरंगोटीसाठी शिल्लक रक्कम आहे, असे ऐकतो. माझी विनंती एवढीच की त्यातून थोडी रक्कम पन्हळीच्या व आडाच्या सफाईसाठी स्वतंत्र खाती टाकावी आणि दरवर्षी मृग लागण्याआधी सफाई झाल्याची नोंद वहीत व्हावी. वही मी लिहीन. यंदाच्या सफाईला कोणत्या पाच घरांनी यायचे, ती नावे आजच घ्यावीत.