चूक घडल्यानंतरचे बोल



पेढी असो, कारखाना असो वा कार्यालय असो; जेथे काम आहे, तेथे चूक ही घडणारच. चूक उघडकीस आल्यावर मालक अथवा व्यवस्थापक प्रथम काय बोलतो, याला फार महत्त्व आहे. पुढची चूक त्याला वेळेवर कळणार की त्याच्यापासून लपविली जाणार, हे त्या बोलण्यावर ठरते.

नित्याचे उदाहरण घ्यावे. खतावणीत १५,४०० रुपयांच्या जागी १४,५०० लिहिले गेले आणि हिशेबात ९०० रुपयांचा फरक आला. फरकाला नऊने निःशेष भाग जातो हे दिसताच जाणता हिशेबनीस प्रथम उलटे पडलेले अंक शोधतो. कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. कोणावर संशय घेण्यापूर्वी तो चुकीचा प्रकार ओळखतो.

व्यवस्थापकानेही हीच रीत अनुसरावी. काही चुका अनवधानाने होतात, काही अज्ञानाने आणि क्वचित काही जाणूनबुजून. अनवधानावर दुसऱ्याने तपासणी करण्याची सोय हवी, अज्ञानावर शिक्षण हवे आणि हेतुपुरस्सर केलेल्या गैरकृत्यावर नियमानुसार कारवाई हवी. या तिन्हींवर संतापाचे एकच औषध देणाऱ्याचा कोणताच रोग बरा होत नाही.

बोलणे एकांतात व्हावे. ते शक्यतो त्याच दिवशी व्हावे, मात्र राग शमल्यानंतर. ‘तुम्ही नेहमीच हलगर्जीपणा करता’ हे वाक्य माणसाच्या स्वभावावर घाव घालते. त्यावर तो केवळ स्वतःचा बचाव करील. ‘सोमवारच्या या नोंदीत दोन अंक उलटे पडले आहेत. त्या वेळी काय झाले, ते सांगा,’ असे म्हटले की तो विचार करू लागतो. मग कदाचित कळते की गिऱ्हाईक, दूरध्वनी आणि वही हे तिन्ही एकाच माणसाला एकाच वेळी सांभाळावे लागत होते. तेव्हा दुरुस्ती व्यवस्थेतही करावी लागते. पुढे काय करावयाचे, हे त्यालाच सुचवू द्यावे, त्याची मुदत ठरवावी आणि ठरल्याप्रमाणे विचारणा करावी. काम सुधारल्यावर जुनी चूक पुन्हा उगाळू नये.

श्रीहरिकोटा येथून १० ऑगस्ट १९७९ रोजी झालेले एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. तरी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि सहकाऱ्यांवरील विश्वास बोलून दाखविला. याचा अर्थ दोषावर पांघरूण घातले असा नव्हे. घरात कसून तपासणी झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील बिघाड शोधला गेला. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा पत्रकारांसमोर जाण्यास धवन यांनी कलामांना सांगितले. हा प्रसंग डॉ. कलाम पुढे अनेक वर्षे कृतज्ञतेने सांगत असत.

लोकांसमोर पाठराखण आणि घरात निःसंकोच तपासणी, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. ज्या पेढीत नोकर आपण होऊन ‘शेठ, माझ्या हातून चूक झाली’ असे सांगू शकतो, तेथे चूक लहान असतानाच सापडते. जेथे तो भिऊन गप्प बसतो, तेथे ती वर्षअखेरीच्या हिशेबात मोठी होऊन समोर येते.