चौघांची बेटांची सफर

परळांत राहणाऱ्या मनुष्यास बेट पाहावयाला लाँचमध्यें बसावें लागतें, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कारण परळ हें स्वतःच एके काळीं बेट होतें. मुंबईचीं जीं सात बेटें सांगतात, त्यांपैकीं तें एक. पुढें खाड्या बुजविल्या गेल्या, गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १९८२ सालच्या संपानंतर एकेक करून त्याहि थंडावल्या. आज परळच्या नाक्यावर कोणास समुद्राची दिशा विचारली, तर उत्तर देण्यापूर्वीं तो क्षणभर विचारांत पडेल.

अशा या परळच्या एका चाळींतील चार मित्रांनीं, श्रोतेहो, थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार बेटांची सफर करण्याचें ठरविलें. एकजण बँकेंत, दुसरा इस्पितळांत, तिसरा शिकवण्या घेणारा. चौथ्याची नोकरी दिवाळीपूर्वींच सुटलेली. ही शेवटची गोष्ट सर्वांस ठाऊक होती, पण कोणी बोलून दाखविली नाहीं. अंदमानचें नांव निघालें तें तसेंच मावळलें. वर्गणी ठरली ती चौथ्याच्या खिशाकडे पाहून. मात्र बँकेंतल्या मित्रानें कारण दिलें तें असें कीं, महागड्या सफरींत मौज नसते. मित्रामित्रांतील असलें खोटें बोलणें पापांत जमा होत नसावें. जमाखर्चाची पिशवी चौथ्याकडेच सोंपविण्यांत आली.

मुक्कामाचा खर्च टाळण्याचा उपाय सोपा होता. शनिवारची रात्र आपापल्या घरींच काढावयाची! शनिवारीं घरचे डबे घेऊन गेटवेहून घारापुरी. लाँचनें तासाभराचा प्रवास. तेथील सुमारें वीस फूट उंचीच्या सदाशिवासमोर चौघेहि गप्प उभे राहिले. मग इस्पितळांतला मित्र म्हणाला, "अरे, आपल्या बारादेवीच्या देवळांत याच घराण्याची एक शिळा आहे." गोष्ट खरी आहे. १९३१ सालीं परळला रस्त्याचें खोदकाम चाललें असतां बारा फुटांच्या आसपास उंचीची एकसंध शिळा सांपडली. तिच्यावर एकांतून एक उमललेल्या शिवाच्या सात आकृति आहेत. अभ्यासक ती पांचव्या-सहाव्या शतकांतील मानतात. चौघांपैकीं तिघांनीं ती कधीं पाहिलेली नव्हती.

रविवारचें बेट मात्र अवघड. कारण तें दिवसांतून दोनदां बेट असतें आणि दोनदां नसतें. अलिबागेसमोरचा कुलाब्याचा किल्ला भरतीला चोहोंकडून पाण्यांत, तर ओहोटीला पायीं जाण्याजोगा. तेव्हां वेळ साधली तर सफर फुकट, चुकली तर घोडागाडीचें भाडें. शिकवण्या घेणाऱ्या मित्राच्या आजोबांनीं रत्नागिरीहून येतांना एक हिशेब बरोबर आणला होता: तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, आणि भरतीपासून सुमारें सवासहा तासांनीं ओहोटी. पूर्वीं शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, तेव्हां मुलांना तो छळ वाटे. कोळ्याच्या मुलाला तेंच घड्याळ होतें. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणास पाणी दूरवर हटतें खरें, पण ओहोटी पुरी होते सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अष्टमीस ती ऐन दुपारीं. परंतु तेव्हां भांगाचें पाणी, तें हटतें थोडेंच. म्हणून मित्रांनीं षष्ठीचा रविवार धरला. सहाची पाऊणपट साडेचार; म्हणजे ओहोटी पावणेअकराला. छापील वेळापत्रकाशीं ताडून पाहिलें, फरक थोडाच निघाला.

सकाळच्या लाँचनें मांडवा, तेथून त्याच तिकिटांत बसनें अलिबाग, आणि गुडघाभर पाण्यांतून किल्ला. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं तो बांधावयास घेतला, आणि पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें तें मोठें ठाणें झालें. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली कीं पाणी फटींत शिरतें व तिचा जोर तेथेंच मोडतो. आंत गोडें पाणी आहे. हवा स्वच्छ असल्यानें उत्तरेस खांदेरी दिसत होती. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकीं ती एक; परंतु तेथें जाण्यास वेगळी होडी लागते, म्हणून तिला लांबूनच नमस्कार झाला.

तटावर बसून चौथा मित्र प्रथमच आपल्या नोकरीविषयीं बोलूं लागला. कोणीं घड्याळाकडे पाहिलें असेल, पण कोणीं त्याला थांबविलें नाहीं. तें बोलणें संपेतों साडेबारा होऊन गेले. खालीं आले तों वाळूची वाट पाण्याखालीं, आणि गाडीवाला भाडें सांगत उभा. बँकेंतल्या मित्राचा हात खिशाकडे गेला आणि तेथेंच थांबला. चौथ्यानें सर्वांकडे एकवार पाहिलें, जमाखर्चाची पिशवी डोक्यावर धरली आणि तो पाण्यांत उतरला. मागोमाग तिघे. मध्यावर पाणी मांड्यांपर्यंत आलें, लाटेनें एकदां पाय सुटले, एकाची चप्पल गेली. कोणीं कोणाचा हात धरला होता हें नंतर कोणालाच सांगतां येईना.

संध्याकाळीं गेटवेवर उतरल्यावर हिशेब झाला. परळपर्यंतचें बसभाडें वजा जातां चार पेले चहापुरते पैसे उरले होते. चहा झाला, आणि पैसे चौथ्यानें मोजून दिले.