स्पॅनिशचं एम.ए. आणि मराठी जीभ

कोल्हापूरच्या पदवीधरानं स्पॅनिशमध्ये एम.ए. का करावं? ती वीसएक देशांची राजभाषा आहे, हे एक कारण. मला त्याहून मोलाचं वाटतं ते मराठीशी असलेलं तिचं साम्य. स्पॅनिश ‘त’ जीभ दातांना टेकवून उच्चारतात, अगदी आपल्यासारखा. नामाच्या लिंगाप्रमाणं विशेषण बदलतं, तेही आपल्याला नवं नाही. इंग्रजीतून शिकवताना हा फायदा वाया जातो.

भाषांतर आता यंत्र करतं, मग पदवी कशाला, असं कुणी म्हणेल. पण १६०५ साली आलेली सर्व्हान्तेसची ‘दोन किहोते’ ही कादंबरी वर्गात उलगडून दाखवायला, मराठी मुलाची चूक नेमकी कुठून आली हे ओळखायला जाणता शिक्षकच लागतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हे एम.ए. करता येतं. तिथं शिका आणि कोल्हापुरात येऊन मराठीतून शिकवा.