बदक मारायला ट्यूब लागते



अध्यक्ष म्हणून मला समोर उभं केलंत खरं, पण माझा जन्म टीव्हीच्या पाठीमागे गेला. पुढे पडद्यावर काय उमटतंय ते मी आरशात बघायचो.

जुन्या व्हिडिओ गेमचं हे संमेलन पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घ्यायचं म्हटल्यावर काहींनी नाकं मुरडली. बोंबलांच्या वलांडीशेजारी कसले आलेत व्हिडिओ गेम? अहो, नव्वदच्या दशकात पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पोरं घरोघरी मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत बसायची. आणि मला टीव्ही दुरुस्तीची सगळ्यात जास्त कामं याच किनाऱ्याने दिली. खारा दमट वारा टीव्हीच्या डब्यात शिरला की पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीजवळ चर्रचर्र सुरू होतं, अंधारात निळी ठिणगी दिसते. स्पिरिटने पुसायचं, नीट वाळवायचं, मग टोपी बसवायची. यातलं काही पुस्तकात वाचून शिकलो नाही.

खेळ जपायचे म्हणजे प्रोग्रॅम उतरवून ठेवायचे, असं तरुण मंडळी सांगतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने ‘मेम’ हे जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, म्हणून कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आज कॉम्प्युटरवर चालतो. आपण त्याला नुसतं ‘मुस्तफा’ म्हणायचो, पिवळ्या टोपीवाल्याच्या नावाने.

पण १९८४ चा, बंदुकीने बदकं टिपायचा ‘डक हंट’ घ्या. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. ट्यूबवर चित्र रेघेरेघेने तिथल्या तिथे उमटतं, म्हणून हिशोब जुळतो. एलईडी टीव्ही तेच चित्र आधी चाळत बसतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळलेली असते. बदक मरत नाही, खेळातला कुत्रा मात्र हसतो.

आपल्या वारशाची आणखी एक गंमत. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत निघायचे मोजके खेळ, नावं बदलून पुन्हापुन्हा. त्या नकला होत्या. तरीही त्याच जपायला हव्यात, कारण आपण खेळलो ते त्यांवर. फक्त कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्याने ती चालायची. थुंकीच्या ओलाव्याने उलट पिना गंजतात.

आता माझं पाप. दुकान आवरताना मी चांगल्या ट्यूबा भंगारात दिल्या. भंगारवाल्याने माझ्यासमोर त्यांच्या माना मोडल्या, मानेभोवतीच्या वेटोळ्याचं, म्हणजे योकचं, तांबं काढून घेतलं आणि शिसं असलेली काच तिथेच टाकून गेला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता गाव पालथं घातलं तरी तशी ट्यूब हाती लागत नाही. कपाटात काचेआड कॅसेटी मांडणाऱ्यांना म्हणूनच विचारतो, योक बसवता येणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे का? असेल तर त्याच्याजवळ एक पोरगं बसवा.

टेबलावरचा २१ इंची संच आता चालू करतो. बंदूक आधी पुढच्या रांगेतल्या मुलांना. मागचं झाकण उघडंच आहे, तिकडे कोणी हात घालू नका. टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही ट्यूब झटका देते.