वाहनातला उंदीर

उंदीर गणपतीचे वाहन, हे खरे. आज मात्र बोलायचे आहे ते आपल्या वाहनात घर करणाऱ्या उंदराविषयी.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय अन् घाटाखाली काय, सोयाबीन निघाले की रान उघडे पडते. रानातले उंदीर मग निवारा शोधतात, आणि छपरीत उभ्या ट्रॅक्टरचे बॉनेट त्यांना आयतेच सापडते. चिंध्या, कापूस, सुतळी जमवून घरटे होते. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने वायरीही कुरतडल्या जातात. हरभऱ्याच्या पेरणीला किल्ली फिरवावी, तर इंजिन मुकेच!

पुष्कळजण विष आणतात. गाडीत ते ठेवूच नये, असे माझे मत. उंदीर हात न पोचणाऱ्या सांदीत मरतो आणि वास सोसवत नाही. तोच उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर त्यांच्याही जिवावर बेतते. आणि घुबड तर आपला बिनपगारी राखणदार! त्यापेक्षा सापळा बरा. भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचे कूट लावून तो भिंतीलगत ठेवावा. उंदीर कडेकडेनेच चालतो.

घरटे काढण्याआधी बॅटरीची तार सोडवा. लेंड्यामुताने रोग पसरतात, म्हणून कोरडे झाडू नका. जंतुनाशकाचे पाणी शिंपडून, नाकाला फडके आणि हाती मोजे घालून भिजला चोथा उचला. एअर फिल्टर अन् सायलेन्सरची बाजूही पाहा, तिथले घरटे पेट घेऊ शकते. पेंडीची पोती छपरीतून हलवा, नाहीतर दुसरे बिऱ्हाड येईल.

अधूनमधून इंजिन चालवत राहा. मात्र त्याआधी बॉनेटवर एक थाप मारा. उंदरामागे मांजरही आत शिरलेले असते.