स्वागताध्यक्षीय भाषण : शब्द लहान, नोंद लांब

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असतात ते अगदी लहान, रोजच्या शब्दांना. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू असताना ‘रन’ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आणि त्या एका शब्दापायी त्यांचे नऊ महिने गेले.

शिकणाऱ्याने या आकड्याने दबून जाण्याचे कारण नाही. बस ‘रन’ होते, नळ आणि सर्दीने नाकही ‘रन’ होते, धुण्यात कपड्याचा रंग ‘रन’ होतो. दुकान ‘रन’ करतात आणि निवडणुकीला उभा राहणारा उमेदवारही ‘रन’ करतो. या साऱ्यांच्या मुळाशी चालू गतीची एकच कल्पना आहे. मराठीत मात्र त्याच जागी धावणे, वाहणे, जाणे, चालवणे, लढवणे अशी वेगवेगळी क्रियापदे येतात. ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी अडतो तो इथेच.

सगळे अनेकार्थी शब्द मात्र असे एका मुळातून फुटलेले नसतात. नदीचा काठ या अर्थाचा ‘बँक’ उत्तर युरोपातील नॉर्स भाषेशी नाते सांगतो. पैशांची ‘बँक’ इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आली. तिथे अर्थांची सांगड घालू पाहणे व्यर्थ. ते दोन शब्द म्हणूनच शिकावेत. उलट ‘स्प्रिंग’चे तिन्ही अर्थ, म्हणजे झरा, वसंत आणि तारेचे वेटोळे, उसळून वर येण्याच्या एकाच अर्थातून निघाले आहेत.

संदर्भ सुटला तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचीही फसगत होते. सभेत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले, आणि हवे होते दोघांनाही तेच. ही हकिगत चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदवली आहे.

संदर्भावरून अर्थ ओळखण्याचे कसब मराठी माणसाला नवे नाही. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, घाटात गाडी लागते, लग्न लागते, आंबा गोड लागतो. ‘लागणे’चे हे अर्थ कोणत्याही मुलाने यादी करून घोकलेले नसतात, शेजारचा शब्द अर्थ सांगतो. इंग्रजीच्या वर्गात मात्र एका शब्दासमोर एक प्रतिशब्द लिहिण्याची वही अजून सुटलेली नाही. कोश निवडतानाही अशीच गफलत होते. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतो, त्यामुळे पहिलाच अर्थ कालबाह्य असू शकतो. शिकणाऱ्यांसाठीचे कोश सहसा आज अधिक वापरात असलेला अर्थ आधी देतात. विद्यार्थ्याच्या हाती हेच असावेत.

या परिषदेसाठी आलेल्या शिक्षकांचे, अभ्यासकांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. समितीची विनंती एवढीच, की चर्चेत कोणताही शब्द सुटा मांडू नये. त्यासोबत निदान एक पूर्ण वाक्य असावे.